संगणकाची कणगी

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके वसलेले आहेत. ह्या मुलखात वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत डोंगरकड्यांवरून असंख्य धबधबे कोसळू लागतात आणि उल्हास व पाताळगंगा ह्या नद्या दुथडी भरून वाहतात. उरलेले आठ महिने आकाश बहुधा कोरडे असते. म्हणून येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट शिकत आला आहे : जे आज विपुल आहे, ते उद्याकरिता साठवून ठेवावे.

भाताची मळणी झाली की शेतकरी धान्य कणगीत भरतो. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली ती उंच कणगी म्हणजे घराचा वर्षभराचा आधार. घाटमाथ्यावरच्या पाण्याचेही तसेच आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांत साठविलेले पावसाचे पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस आणावयाचे व त्याच्या जोरावर वीज निर्माण करावयाची, ही टाटांची योजना १९१५ साली कार्यान्वित झाली. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे तसेच दुसरे वीजगृह सुरू झाले. तलावांची साठवण नसती, तर ह्या वीजगृहांची चाके पावसाळा सरताच थांबली असती.

ज्या मुलखाने धान्य साठविले आणि पाणी साठविले, त्याच मुलखातील घरांत आता आणखी एक साठवण येऊन पोहोचली आहे. ती संगणकातील माहितीची साठवण होय. खेळ खेळण्याकरिता नवा संगणक घ्यावयाचा असे घरात ठरले, की मुलांचे लक्ष प्रथम मोठ्या पडद्याकडे, रंगीत दिव्यांकडे आणि चित्रे रेखाटणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे जाते. साठवणीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो, आणि उरलेल्या पैशांत बसेल ती घ्यावी, असा त्याचा निकाल लागतो. परंतु ग्राफिक्स कार्ड बिघडले तर नवे बसविता येते; साठवण बिघडली तर तीत ठेवलेले सारे काही तिच्याबरोबर जाते. यास्तव ही निवड समजून-उमजून करणे अगत्याचे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. दुकानातील पत्रकावर ‘१६ जीबी’ असा एक आकडा असतो आणि ‘१ टीबी’ असा दुसरा. पुष्कळांची अशी समजूत असते की, हे दोन्ही आकडे एकाच वस्तूचे आहेत. तसे ते नाहीत. शेतकऱ्याच्या घरात धान्य कणगीत असते, आणि जेवणाच्या वेळी शिजलेला भात ताटात असतो. ताटातले अन्न हाताशी असते, पण ते त्या जेवणापुरतेच. संगणकाची चालू स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती ह्या ताटासारखी आहे. संगणक ज्या कामात गुंतलेला असतो, त्या कामापुरतीच माहिती तो तीत वाढून घेतो. वीज बंद होताच ते ताट रिकामे होते. ह्याच्या उलट, वीज बंद असतानाही जी माहिती जपून ठेवते, ती साठवण म्हणजे संगणकाची कणगी होय. खेळ सुरू होताना पडद्यावर जी वाट पाहावी लागते, तिचा पुष्कळसा वेळ कणगीतून ताटात माहिती आणण्यात जातो.

ही माहिती मोजण्याचे माप ‘बाइट’ हे आहे. इंग्रजी लिपीतील एक अक्षर लिहावयास साधारणपणे एक बाइट पुरतो. दहा लाख बाइटांचा एक मेगाबाइट, शंभर कोटी बाइटांचा एक गिगाबाइट आणि एक लाख कोटी बाइटांचा एक टेराबाइट होतो. पत्रकावरील जीबी व टीबी ही ह्या शेवटच्या दोन मापांचीच संक्षिप्त नावे. हे आकडे किती प्रचंड आहेत, ते एका जुन्या यंत्राशी तुलना केल्यास ध्यानी येईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आपल्या देशात एक संगणक घडविला व तो १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू ह्यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्याच्या मुख्य स्मृतीत अवघे सुमारे दहा हजार बाइट मावत. आजचा एखादा मोठा खेळ १०० गिगाबाइटांचा असतो. म्हणजे त्या एका खेळाकरिता टिफ्रॅकच्या स्मृतीसारख्या सुमारे एक कोटी स्मृती लागल्या असत्या!

मापाच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. एक टेराबाइटाची साठवण विकत आणून ती विंडोज प्रणालीच्या संगणकास जोडली, तर पडद्यावर सुमारे ९३१ गिगाबाइट एवढाच आकडा दिसतो. पुष्कळांस वाटते की दुकानदाराने फसविले. वस्तुतः माल पूर्ण असतो. मोजण्याची रीत निराळी असते. साठवण तयार करणारे कारखाने हजाराच्या पटीत मोजतात, तर विंडोज प्रणाली १०२४च्या पटीत मोजते. जुन्या काळी शेर-पायलीची मापे गावोगाव थोडी निराळी असत. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीने मोजली तर धान्य तेवढेच राही, आकडा मात्र बदले. हाही तसाच प्रकार आहे.

आज बाजारात संगणकाच्या साठवणीचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिला प्रकार म्हणजे हार्ड डिस्क. हिच्या पेटीत लोहचुंबकी लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या एका आसावर भराभर फिरत असतात. तबकडीच्या पृष्ठभागावरून एक बारीक दांडा मागेपुढे सरकतो व त्याच्या टोकाशी असलेला शीर्षभाग लेपातील सूक्ष्म ठिपके एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित करून माहिती लिहितो, आणि तसेच ते ओळखून वाचतो. आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीने असे पहिले यंत्र १९५६ साली बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्याचे वजन सुमारे एक टन होते, आणि एवढे असूनही त्यात फक्त ५० लाख अक्षरे मावत असत. आज तळहातावर मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये त्याच्या लाखोपट माहिती राहते.

हार्ड डिस्कचा गुण असा की, तेवढ्याच पैशांत ती अधिक माहिती साठविते. तिचा दोष तिच्या फिरण्यातच आहे. नेहमीच्या वापरातील तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हा वेग मोठा वाटतो. पण हवी ती माहिती शीर्षभागाखाली येण्याकरिता दांड्याला सरकावे लागते आणि तबकडीलाही सरासरी अर्धा फेरा फिरावे लागते. ह्या दोन्ही गोष्टींस मिळून सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग लागतो. ह्याचा अर्थ असा की, माहितीचे तुकडे तबकडीवर ठिकठिकाणी विखुरलेले असतील, तर हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे ८० तुकडेच शोधून आणू शकते. खेळाची माहिती तर हजारो तुकड्यांत विखुरलेली असते. शिवाय शीर्षभाग आणि तबकडी ह्यांमधील अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते. चालू असताना पेटीला जोराचा धक्का बसला, तर शीर्षभाग तबकडीस घासून ती कायमची खरवडली जाण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार म्हणजे एसएसडी. हिच्यात फिरणारा अथवा हलणारा एकही भाग नसतो. सिलिकॉनच्या चिपांत कोट्यवधी अतिसूक्ष्म कप्पे असतात व प्रत्येक कप्प्याभोवती विजेला अटकाव करणारा थर असतो. त्या कप्प्यांत कमीअधिक विद्युद्‌भार कोंडून माहिती लिहिली जाते. भार थराच्या आत अडकून पडत असल्यामुळे वीज बंद केली तरी माहिती राहते. ही युक्ती तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात शोधून काढली. ह्या स्मृतीतील माहितीचा मोठा भाग एका क्षणात पुसता येतो. ते पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्यास छायाचित्र घेताना लखकन चमकणाऱ्या दिव्याची आठवण झाली, आणि त्यावरून तिला ‘फ्लॅश’ हे नाव पडले. सर्वांच्या परिचयाच्या पेनड्राइव्हमध्येही हीच स्मृती असते. हिच्यात शोधण्याकरिता काहीच फिरावे लागत नाही. म्हणून हार्ड डिस्क एक तुकडा शोधते तेवढ्या वेळात एसएसडी शंभराहून अधिक तुकडे आणून देते.

एसएसडीचेही पुन्हा दोन वर्ग आहेत. ‘साटा’ ह्या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट माहिती देऊ शकते. ‘एनव्हीएमई’ ह्या नव्या पद्धतीची एसएसडी साडेतीन हजार, आणि तिच्या पुढच्या पिढीतील सात हजार मेगाबाइटांपर्यंत पोहोचते. हार्ड डिस्क मात्र दीडशे ते दोनशेच्या आसपास राहते. १०० गिगाबाइट माहिती सलग वाचावयाची झाल्यास सर्वसाधारण हार्ड डिस्कला सुमारे अकरा मिनिटे, साटा एसएसडीला तीन मिनिटे आणि एनव्हीएमई एसएसडीला अर्धे मिनिट किंवा त्याहूनही कमी वेळ लागेल.

हे आकडे वाचून कोणासही वाटेल की, सर्वांत वेगवान ती सर्वांत उत्तम. परंतु येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ आगगाड्या कर्जतला थांबतात आणि तेथे त्यांना मागून रेटण्यासाठी जादा एंजिने जोडली जातात. कारण पुढे बोरघाटाचा खडा चढ असतो. गाडी कर्जतपर्यंत कितीही वेगाने आली, तरी तिच्या पुढच्या प्रवासाचा वेग घाट ठरवितो. संगणकाचेही तसेच आहे. साठवणीतून आलेली माहिती दाबून, बांधून ठेवलेली असते. ती उलगडण्याचे आणि तिची मांडणी करण्याचे काम प्रक्रियकास करावे लागते, व त्यास त्याचा वेळ लागतोच. म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, तर खेळ सुरू होण्याचा वेळ फार मोठ्या प्रमाणात घटतो. पण साटा एसएसडी काढून एनव्हीएमई बसविली, तर बहुतेक खेळांत काही थोड्याच सेकंदांचा फरक पडतो. पहिली उडी मोठी, दुसरी लहान. पैसे मोजताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

साठवण वेगवान झाली म्हणजे खेळातील चित्रे अधिक सुंदर दिसतात किंवा अधिक सफाईने हलतात, ही समजूतही बरोबर नाही. एका सेकंदात किती चित्रे उमटावी, हे मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रक्रियक ह्यांवर अवलंबून असते. साठवणीचे काम वेळेवर माहिती पुरविण्याचे. ती वेळेवर न पोहोचली, तर खेळ मध्येच अडखळतो, किंवा दूरचे डोंगर व घरे काही क्षण अर्धवट रेखाटलेली दिसतात. २०२० साली बाजारात आलेल्या प्लेस्टेशन ५ सारख्या खेळयंत्रांत एसएसडी बसविलेली होती. तेव्हापासून खेळांचे निर्माते तिचा वेग गृहीत धरून रचना करू लागले आहेत, आणि काही नव्या खेळांना तर एसएसडी आवश्यकच आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणून आज खेळाकरिता घेतलेल्या नव्या संगणकात निदान एक एसएसडी असावी, हा पहिला नियम समजावा.

दुसरा नियम जोडणीचा. कर्जत तालुक्यातील नेरळ स्थानकावर दोन प्रकारचे लोहमार्ग जवळजवळ दिसतात : एक मुंबई-पुण्याचा रुंद मार्ग, आणि दुसरा १९०७ साली सुरू झालेला माथेरानचा अरुंद मार्ग. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालत नाही, मग तो कितीही चांगला असो. साठवणीच्या बाबतीतही हे पाहावे लागते. संगणकाच्या मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डावर, कोणत्या जोडणीच्या जागा आहेत आणि त्या किती आहेत, हे आधी पाहून मगच खरेदी करावी. ‘एम.टू’ नावाच्या लांबट खाचेत बसणारी पट्टी दिसावयास सारखीच असली, तरी ती साटा पद्धतीची असू शकते किंवा एनव्हीएमई पद्धतीची. काही खाचांत एकच प्रकार चालतो. ही माहिती फलकाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेली असते. दुकानदारास विचारण्यापूर्वी ती एकदा वाचलेली बरी.

तिसरा नियम मोकळ्या जागेचा. कणगी गळ्यापर्यंत ठासून भरली, तर धान्य काढताना व ठेवताना अडचण होते. एसएसडीही काठोकाठ भरली म्हणजे मंदावते. कारण नवी माहिती लिहिण्यापूर्वी तिला जुनी माहिती एकीकडून दुसरीकडे हलवून जागा पुसून घ्यावी लागते. म्हणून तिचा सुमारे पाचवा ते दहावा भाग नेहमी मोकळा ठेवावा. हा भाग आणि संगणकाची कार्यप्रणाली वगळली, तर एक टेराबाइटाच्या एसएसडीत १०० गिगाबाइटांचे सातआठ खेळ सुखाने मावतात. एकाच वेळी ह्याहून अधिक खेळ खेळणारा विद्यार्थी विरळाच. आणि तसा कोणी असेल, तर त्याच्या अभ्यासाची चिंता करावी हे बरे!

एसएसडी झिजते, असे ऐकून काही जण बिचकतात. ते खरे आहे. प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता आणि लिहिता येतो. पण आकडा तपासून पाहावा. एक टेराबाइटाच्या पुष्कळ एसएसडींवर ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी दिलेली असते. रोज ५० गिगाबाइट लिहिले, तरी ही मर्यादा गाठावयास बारा हजार दिवस, म्हणजे बत्तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. खेळणाऱ्याने झिजेची धास्ती घेण्याचे कारण नाही. धास्ती घ्यावयाची ती निराळ्या गोष्टींची. अविश्वसनीय स्वस्त किमतीत प्रचंड साठवण देऊ करणाऱ्या जाहिराती त्यांपैकी एक होय. असल्या पेनड्राइव्हवर मोठा आकडा छापलेला असतो, संगणकासही तो तसाच दिसावा अशी लबाडी केलेली असते, आणि आत खरी जागा फार थोडी असते. ती संपली की पुढची माहिती नाहीशी होते. पावती आणि हमी घेऊनच खरेदी करावी, हे कणगीच्या बांबूपासून संगणकापर्यंत सर्वत्र लागू आहे.

आता समजा, खोपोलीतील एखाद्या कुटुंबास नवा संगणक घ्यावयाचा आहे आणि पैसे बेताचे आहेत. घरातील मुलास खेळ हवे आहेत. वडिलांना सणासमारंभांची छायाचित्रे व चलच्चित्रे ठेवावयाची आहेत. आणि आईला आजीच्या आवाजात काही गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवावयाची आहेत. अशा वेळी एकच प्रचंड आणि महाग एसएसडी घेण्याचे कारण नाही. कार्यप्रणाली आणि खेळ ह्यांकरिता एक टेराबाइटाची मध्यम किमतीची एसएसडी पुरेशी आहे. चलच्चित्रे फार असतील, तर त्यांच्याकरिता दोन किंवा चार टेराबाइटांची हार्ड डिस्क जोडावी. कारण चलच्चित्र सलग वाचले जाते, आणि त्या कामास हार्ड डिस्कचा वेग पुरतो. थोडक्यात, ज्याची घाई आहे ते एसएसडीत आणि ज्याचा पसारा मोठा आहे ते हार्ड डिस्कमध्ये ठेवावे. वेगाचा आणि जागेचा प्रश्न येथे सुटला.

परंतु एक प्रश्न अद्याप उरतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ह्या वस्तू हरवल्या तर काय होईल?

मुलाचा खेळ हरवला तर फारसे बिघडत नाही. विकत घेतलेला खेळ बहुधा पुन्हा उतरवून घेता येतो. एखादी संध्याकाळ वाया जाते, एवढेच. पण सणाची छायाचित्रे आणि आजीचा आवाज कोणत्याही दुकानात मिळत नाही. २६ जुलै २००५ रोजी झालेल्या अतिवृष्टीने उल्हास नदीच्या खोऱ्यात हाहाकार उडाला. त्याच पावसाळ्यात नेरळ-माथेरान लोहमार्गाची फार मोठी हानी झाली. तो मार्ग दुरुस्त होऊन २००७ साली पुन्हा सुरू झाला, कारण रूळ पुन्हा टाकता येतात. पण पुराच्या पाण्यात भिजून गेलेली जुनी छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. त्यांतली काही माणसेही आता हयात नसतात.

संगणकावरही संकटे येतात. पावसाळ्यात वीज अकस्मात जाते, आणि त्या क्षणी लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहते. त्याकरिता वीज गेल्यावर काही मिनिटे पुरवठा चालू ठेवणारा यूपीएस संच लावावा. साठवण जुनी होते, पडते, चोरीस जाते. पुष्कळदा हार्ड डिस्क मरणापूर्वी कुरकुर करून सूचना देते. एसएसडी मात्र कधी कधी काहीही न सांगता बंद पडते. ह्यांपैकी काय केव्हा घडेल, हे सांगता येत नाही. म्हणून केवळ चांगली साठवण विकत घेणे पुरेसे नाही. अमोल वस्तूंच्या प्रती वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

ही गोष्ट शेतकऱ्यास नव्याने शिकवावी लागत नाही. खाण्याचे भात आणि पेरणीचे बियाणे तो कधीही एकत्र ठेवीत नाही. चांगले टपोरे दाणे निवडून, उन्हात वाळवून, तो ते निराळे जपून ठेवतो. खाण्याचे धान्य सरले तर बाजारातून आणता येते. पण बियाणे गेले तर पुढचे वर्षच गेले. कर्जत येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे. तेथे भाताचे कित्येक वाण तयार झाले व त्यांतील काहींना कर्जतचेच नाव मिळाले. एखादा वाण सिद्ध करावयास वर्षानुवर्षांचे श्रम लागतात. असे बियाणे एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे असते, म्हणून जगभर त्याच्या प्रती जपण्याची व्यवस्था करण्यात आली आहे. नॉर्वे देशाच्या उत्तरेस स्वालबार्ड ह्या बर्फाळ बेटांवर, डोंगराच्या पोटात, २००८ साली एक बीजभांडार उघडण्यात आले. निरनिराळ्या देशांतील बीजपेढ्या आपल्या बियाण्यांची दुसरी प्रत तेथे ठेवतात. सीरिया देशात अलेप्पो शहराजवळ इकार्डा ह्या संस्थेची अशीच एक मोठी बीजपेढी होती. तेथे युद्ध पेटले आणि पेढीवर काम करणे अशक्य झाले. तेव्हा संस्थेने २०१५ साली स्वालबार्डमधून आपले बियाणे परत मागवून घेतले, ते लेबनॉन व मोरोक्को ह्या देशांत पेरून वाढविले, आणि २०१७ साली त्यांतील नव्या बियाण्याच्या प्रती पुन्हा त्या भांडारात ठेवल्या. दूर ठेवलेली एक प्रत किती मोलाची असते, हे ह्यावरून दिसून येते.

आवाजाच्या बाबतीतही महाराष्ट्रात असे काम झाले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्या दोन अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. पुष्कळ घरांत विजेच्या गिरण्यांमुळे जाते थांबले, आणि त्याबरोबर ओवीही थांबली. परंतु त्या वेळी लिहून व मुद्रित करून ठेवलेल्या ओव्या पुढे संगणकात उतरविण्यात आल्या, आणि २०१७ सालापासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया ह्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. ज्या बायांनी त्या गाइल्या, त्यांच्या नातींना त्या आज ऐकता येतात. ही साठवण एखाद्याच पेटीत पडून राहिली असती आणि ती पेटी बिघडली असती, तर केवढे धन गेले असते!

घरच्या वस्तूंकरिता जाणकारांनी एक सोपा नियम सांगितला आहे : तीन, दोन, एक. अमोल माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्या. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. खोपोलीच्या त्या कुटुंबाने छायाचित्रांची आणि गाण्यांची एक प्रत संगणकात ठेवावी. दुसरी प्रत एका सुट्या हार्ड डिस्कवर उतरवून, ती डिस्क संगणकापासून काढून, कोरड्या व उंच जागी ठेवावी. एकाच संगणकात दोन साठवणी बसवून दोन प्रती ठेवल्या, तर ते पुरेसे नाही. वीज कडाडली किंवा पाणी शिरले, तर दोन्ही एकदमच जातील. तिसरी प्रत कर्जतच्या मामाकडे किंवा मुंबईच्या आत्याकडे असू शकते. ती इंटरनेटवरील साठवणीत ठेवली तरी चालेल. ह्या साठवणीस ‘क्लाउड’, म्हणजे ढग, असे म्हणतात. पण ती आकाशात नसते. ती कोणाच्या तरी विशाल इमारतीतच असते. खालापूरला लागून असलेल्या पनवेल तालुक्यातच योट्टा कंपनीचे असे एक प्रचंड माहितीकेंद्र २०२० साली सुरू झाले. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातील कणगी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

सुटी हार्ड डिस्क महिन्यातून एकदा तरी जोडून नवी छायाचित्रे तीत उतरवावी, आणि जुनी नीट उघडतात की नाही हेही पाहावे. बियाणे अधूनमधून उन्हात घालून तपासतात, तसेच हे आहे. दीर्घकाळ जपण्याची प्रत केवळ एसएसडीवर अथवा पेनड्राइव्हवर ठेवून विसरू नये; वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास त्यांच्या कप्प्यांतील भार हळूहळू गळून जाऊ शकतो.

ह्याप्रमाणे पाहता, नव्या संगणकाची साठवण निवडताना तीन प्रश्न विचारावे लागतात. कोणती माहिती त्वरित हवी? कोणत्या माहितीस मोठी जागा हवी? आणि कोणती माहिती गेली तर पुन्हा मिळणार नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुकानदार देऊ शकतो; ती पत्रकावर छापलेली असतात. तिसऱ्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या घरात असते, आणि ते घरातल्या माणसांनीच एकत्र बसून शोधावयाचे असते. खाण्याचे भात कोणते आणि बियाणे कोणते, हे ज्याला ओळखता आले, त्याची कणगी लहान असली तरी त्याचे घर कधी रिते होत नाही.